रंगीत स्लिपचा दाटपणा: माती किती, पाणी किती

इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास अथेन्सच्या कुंभारवाड्यात भांडी रंगवण्याची एक नवी रीत रुळू लागली. तोवर लाल मातीवर काळ्या आकृत्या काढत. आता आकृत्या मातीच्या मूळ लाल रंगात राखून भोवतालची जागा काळी करू लागले. या भांड्यांवरचं एखाद्या मल्लाचं चित्र जवळून पाहिलं, तर त्यात दोन जातीच्या रेघा दिसतात. डोळा, शरीराची कड, वस्त्राच्या चुण्या काळ्याभोर आहेत आणि बोटाला लागतील इतक्या उठावदार. पोटावरचे आणि मांडीवरचे स्नायू मात्र सोनेरी-तपकिरी, झिरझिरीत रेघांनी दाखवलेले आहेत. चित्रकाराजवळ दोन रंग असणार असंच पाहणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही रेघा एकाच मातीच्या घोळाने काढलेल्या आहेत. घोळ दाट ठेवला तिथे काळी रेघ आली आणि पाणी घालून पातळ केला तिथे सोनेरी.

या काळ्या थराची रीत थिओडोर शूमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९४२ साली प्रयोगाने करून दाखवली. माती पाण्यात कालवून निवळू द्यायची, तळाला बसलेली भरड टाकून द्यायची आणि वर तरंगत राहिलेले अतिसूक्ष्म कण तेवढे घ्यायचे. त्यांचा लेप चढवलेलं भांडं भट्टीत तीन टप्प्यांत भाजायचं: आधी भरपूर हवा, मग हवा कोंडून धूर, मग पुन्हा हवा. धुराच्या टप्प्यात भांडं आणि लेप दोन्ही काळे पडतात. त्याच वेळी लेपातले सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून काचेसारखे मिटतात. त्यामुळे तिसऱ्या टप्प्यातली हवा त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि लेप काळाच राहतो. उघड्या, सच्छिद्र मातीतलं लोह मात्र पुन्हा लाल होतं. हा काळा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास जाड असतो. त्याहून फार विरळ झाला, की तो तपकिरीवर उतरतो. अथेन्सच्या कारागिरांनी या उतरण्यातूनच दुसरी छटा मिळवली.

पाण्यात कालवलेल्या मातीच्या अशा घोळाला आजच्या स्टुडिओत स्लिप म्हणतात. पांढऱ्या मातीत लोह, कोबाल्ट, तांबं यांची ऑक्साइडं किंवा तयार सिरॅमिक रंग घालून हवी ती रंगीत स्लिप करता येते. कोणता रंग किती टक्के घालायचा याची कृती कुठेही मिळते. तो घोळ किती दाट ठेवायचा हे मात्र बहुतेक वेळा ‘बेताचा’ या एका शब्दावर सोडून दिलेलं असतं. रंग फिका पडणं, पापुद्रे सुटणं, रेघ फिसकटणं, थराला भेगा पडणं या तक्रारींचं मूळ बहुधा याच ठिकाणी असतं. हे प्रकरण त्या ‘बेताचं’ माप काढण्यासाठी आहे.

तीन मापं

स्लिप दाट झाली असं आपण म्हणतो, तेव्हा तीनपैकी एखादी गोष्ट बदललेली असते. पहिली, ठरावीक मापाच्या घोळात सुकी माती किती आहे. दुसरी, तो घोळ किती सहज वाहतो. तिसरी, भांड्यावर बसलेला थर किती जाड झाला. या तिन्हींचा एकमेकींशी संबंध आहे, पण एक मोजली की बाकीच्या आपोआप कळतात असं नाही. एकाच मातीच्या, तेवढ्याच पाण्याच्या दोन बादल्यांपैकी एकीतली स्लिप सरसर ओतता येते आणि दुसरीतली काठीला चिकटून उभी राहते, हे स्टुडिओत नेहमी दिसतं. तिथे दुसऱ्या बादलीत तांब्याभर पाणी ओतणं हा उपाय नव्हे. माती तर तेवढीच आहे, बिघडला आहे तो ओघ. पाणी घातल्याने ओघ सुधारेल, पण थर विरळ होईल, सुकताना जास्त आक्रसेल आणि रंग उतरेल.

म्हणून पाण्याला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: बिघाड मातीच्या प्रमाणात आहे, ओघात आहे की थरात?

वजन करून पाहणं

शिकवताना सगळे दुधातुपाच्या भाषेत बोलतात. बुडवायची स्लिप ताकाएवढी, कुंचल्याची सायीएवढी, रेघ ओढायची घट्ट दह्याएवढी. सुरुवातीला हात बसेपर्यंत ही भाषा उपयोगी पडते. पण ताक घरोघरी निराळं असतं आणि आज केलेली स्लिप सहा महिन्यांनी पुन्हा तशीच हवी असेल, तर आठवणीवर भिस्त ठेवता येत नाही. तराजूवर ठेवता येते.

कृती साधी आहे. १०० मिलिलिटरचं मोजपात्र कोरडं करून तराजूवर ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. बादली तळापासून ढवळा. मघाशी ढवळली होती म्हणून चालणार नाही, कारण जड कण लगेच खाली बसू लागतात. स्लिप पात्राच्या कडेने हळू ओता आणि पात्र टेबलावर दोनतीनदा टेकवा, म्हणजे अडकलेले बुडबुडे वर येतील. पातळी बरोबर १०० च्या रेघेला आणा, बाहेरचा ओघळ पुसा आणि वजन वाचा. स्लिप फारच घट्ट असेल, तर सुई काढलेली मोठी सिरिंज मोजपात्रापेक्षा बरी पडते.

१०० मिलिलिटर पाण्याचं वजन १०० ग्रॅम. तेवढ्याच स्लिपचं १४० ग्रॅम भरलं, तर वरचे ४० ग्रॅम हे मातीचं देणं आहे. पण याचा अर्थ त्यात ४० ग्रॅम माती आहे असा नाही. मातीने पाण्याची जागाही अडवलेली असते, म्हणून माती त्याहून जास्त असते. हा हिशेब अलेक्सांद्र ब्रोंन्यार (१७७०–१८४७) या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. पॅरिसजवळच्या सेव्र इथल्या चिनी मातीच्या प्रसिद्ध कारखान्याचे ते १८०० पासून मृत्यूपर्यंत संचालक होते. माती पाण्याच्या सुमारे २.६ पट जड असते. २.६ ला १.६ ने भागलं की १.६२५ येतात. जादा वजनाला १.६२५ ने गुणलं की सुकी माती मिळते. आपल्या उदाहरणात ४० गुणिले १.६२५ म्हणजे ६५ ग्रॅम. उरलेलं ७५ ग्रॅम पाणी.

हे गणित रंगासाठी फार महत्त्वाचं आहे, कारण रंगाची टक्केवारी नेहमी सुक्या मातीवर धरतात. समजा, पाच लिटर पांढरी स्लिप तयार आहे आणि तिच्यात सहा टक्के निळा रंग घालायचा आहे. १०० मिलिलिटरला १४० ग्रॅम भरणाऱ्या बादलीत ३,२५० ग्रॅम सुकी माती आहे, म्हणजे रंग १९५ ग्रॅम लागेल. तीच बादली १३० ग्रॅमची असेल, तर माती सुमारे २,४४० ग्रॅम आणि रंग १४६ ग्रॅम. वजन न करता दुसऱ्या बादलीतही १९५ ग्रॅम टाकले, तर सहाऐवजी आठ टक्के रंग पडतो. रंग महाग असतो आणि निळ्याची ठरवलेली छटाही हुकते.

पातळ करतानाही हेच जादा वजन कामाला येतं. १५० ग्रॅमची स्लिप १४० वर आणायची असेल, तर जुनं जादा वजन ५०, नवं ४०. पन्नासाला चाळीसने भागायचं, सव्वा येतो. पाच लिटरचे सव्वापट म्हणजे सव्वासहा लिटर. म्हणून सव्वा लिटर पाणी घालायचं. अंदाजाने पाणी ओतत बसण्यापेक्षा हा हिशेब लवकर होतो आणि चुकत नाही.

ओघ कशावर ठरतो

मातीचे कण चपटे, पापुद्र्यासारखे असतात. केओलिनसारख्या मातीत या पापुद्र्यांच्या सपाट बाजूंवर ऋण विद्युतभार असतो, तर कडांवर धन भार येऊ शकतो. कडा सपाट बाजूंना चिकटतात, सगळीकडे पोकळ्या असलेली एक सैल जाळी तयार होते आणि तिच्यात पाणी अडकून पडतं. मग पाणी पुरेसं असूनही स्लिप घट्ट वाटते. काठी फिरवली की जाळी मोडते आणि स्लिप वाहू लागते. ठेवून दिली की जाळी पुन्हा उभी राहते. रात्री पातळ वाटलेली स्लिप सकाळी थिजलेली दिसते ती यामुळे. म्हणून दाटपणाचा कौल नेहमी चांगलं ढवळून झाल्यावरच द्यावा.

ही जाळी मोडायला सोडियम सिलिकेट किंवा धुण्याचा सोडा चिमूटभर पुरतो. सगळ्या कणांवर सारखाच भार येतो, ते एकमेकांना दूर ढकलतात आणि अडकलेलं पाणी मोकळं होतं. साच्यात ओतायची स्लिप अशीच करतात. तिचं वजन १०० मिलिलिटरला १७५ ते १८० ग्रॅम असूनही ती धारेने पडते. त्यासाठी सुक्या मातीच्या साधारण ०.२ ते ०.५ टक्के सोडियम सिलिकेट लागतं. मात्रा जास्त झाली, तर स्लिप उलट पुन्हा घट्ट होते.

याच्या उलट, ओघ कमी करायला एप्सम सॉल्ट किंवा व्हिनेगर वापरतात. एप्सम सॉल्टचं पाण्यातलं संपृक्त द्रावण करून ठेवावं आणि थेंबाथेंबाने घालून दर वेळी ढवळावं. माती न वाढवता स्लिपला अंग येतं. ती भांड्याच्या उभ्या बाजूवरून ओघळत नाही आणि रंगाचे जड कण तळाला बसू देत नाही.

ओघाची परीक्षा अशी करावी. बादलीतली स्लिप काठीने गोल फिरवा आणि काठी झटकन वर काढा. भोवरा कसा थांबतो ते पाहा. बराच वेळ फिरत राहिला, तर स्लिप सैल आहे. लगेच थांबून क्षणभर किंचित मागे सरकला, तर तिला अंग आहे आणि ती बुडवण्याच्या कामाला योग्य आहे. मोजूनच पाहायचं असेल, तर प्लास्टिकच्या लहान पेल्याच्या तळाला चारेक मिलिमीटरचं भोक पाडा आणि भरलेला पेला रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा. रंगाच्या कारखान्यांत याच तत्त्वाचे धातूचे पेले वापरतात. पेला आणि भोक कायम तेच ठेवलं, की घरच्या आकड्यांवर विसंबता येतं.

रंग घातला की ओघ बदलतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. लाल लोह ऑक्साइड अतिशय बारीक असतं. पाच-आठ टक्के मिसळलं की स्लिप दिसण्याइतकी घट्ट होते. पाण्यात थोडेसे विरघळणारे क्षारही मातीची जाळी बांधतात. त्यामुळे एकाच पांढऱ्या स्लिपमधून केलेल्या चार रंगांचा ओघ चार तऱ्हांचा निघतो. पाण्याचाही हिशेब धरायला हवा. दख्खनच्या पठारावरच्या अनेक बोअरवेलचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड असतं आणि तेही स्लिप घट्ट करतं. मुंबईत नळाच्या पाण्याने जमलेली कृती सोलापूरच्या बोअरच्या पाण्याने तशीच जमेल असं धरून चालू नये.

हत्याराप्रमाणे दाटपणा

आता आकडे. ते साधारण समजावेत, कारण प्रत्येक मातीचा स्वभाव वेगळा असतो. सगळी वजनं १०० मिलिलिटरची आहेत.

घोटून चमक आणायच्या अतिसूक्ष्म मातीच्या लेपासाठी ११० ते ११८ ग्रॅम. बुडवायला किंवा अंगावर ओतायला १३० ते १४५. कुंचल्याने लावायला १४० ते १५०. नळीतून रेघ ओढायला १४५ ते १६०.

घोटायचा लेप इतका पातळ का, याचं उत्तर त्याच्या कणांत आहे. तो सूक्ष्म कणांचा असल्याने सुकताना फार आक्रसतो. जाड चढवला तर सोलून निघतो. रोमन काळात इटली आणि फ्रान्समध्ये मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या तांबड्या चकचकीत भांड्यांवर असाच पातळ थर होता. उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातल्या निजामाबादची काळी भांडीही बारीक मातीचा लेप देऊन, घोटून, मग कोंडलेल्या धुरात भाजतात. महाराष्ट्रात या हातोटीची परंपरा फार जुनी आहे. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे इथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं, त्यात सापडलेल्या भांड्यांवरून एका सबंध ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळालं. याच संस्कृतीच्या इनामगाव या स्थळाच्या कालक्रमानुसार तिचा आरंभीचा काळ इसवी सनापूर्वी १४०० ते १००० असा धरतात. चाकावर घडवलेली ही पातळ अंगाची भांडी वाजवली तर खणखणतात. त्यांच्या लालसर लेपावर काळ्या रंगात नक्षी आहे. तीन हजार वर्षं मातीखाली राहूनही ज्या तुकड्यांवरचा लेप टिकला, त्यांच्यावर तो योग्य वेळी आणि योग्य जाडीचा चढला होता, असंच म्हणावं लागेल.

कुंचल्याच्या कामात दाटपणा उघड दिसतो. कोरियात जोसॉन राजवटीच्या पंधराव्या-सोळाव्या शतकांत बुनचोंग नावाची भांडी घडत. राखाडी मातीवर पांढरी स्लिप, त्यावर पारदर्शक ग्लेझ. काही भांड्यांवर खरखरीत, जाड केसांच्या कुंचल्याने स्लिप एका झटक्यात फिरवलेली आहे आणि केसांचे ओरखडे तसेच राखलेले आहेत. जपानी कुंभारांनी ही रीत उचलली, ती तिथे हाकेमे म्हणून ओळखली जाते. स्लिप पातळ असती, तर ओरखडे भरून येऊन सपाट पांढरं अंग उरलं असतं. फार घट्ट असती, तर कुंचला अडखळला असता. दुसऱ्या काही बुनचोंग भांड्यांचा तळ हातात धरून ती पांढऱ्या स्लिपमध्ये उलटी बुडवलेली आहेत. स्लिप जिथपर्यंत पोचली ती वेडीवाकडी सीमाच त्यांचं सौंदर्य आहे.

रेघ ओढण्याच्या कामात इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरची सतराव्या शतकातली मोठी ताटं पाहावीत. १६८९ साली मरण पावलेल्या थॉमस टॉफ्ट या कुंभाराचं नाव अशा कित्येक ताटांच्या काठावर लिहिलेलं आहे. जलपरी, राजा, सिंह यांच्या आकृत्या गडद स्लिपच्या रेघांनी काढून त्या रेघांवर पांढऱ्या स्लिपचे ठिपके ओळीने बसवलेले असतात. ठिपका गोल आणि फुगीर राहिला पाहिजे, शेजारच्या ठिपक्याला मिळता कामा नये आणि त्याला वर टोकही येता कामा नये. पातळ स्लिपचा ठिपका पसरतो, घट्ट स्लिपचा ठिपका नळी उचलताना शेपटासारखा ओढला जातो. रबरी फुग्याला नळी लावून किंवा प्लास्टिकच्या कागदाचा कोन करून हे काम घरी करता येतं. आधी रद्दी कागदावर ओळीने दहा ठिपके द्या. ठिपका पडल्यावर त्याचं टोक दोन-तीन सेकंदांत आपोआप गोल झालं, तर स्लिप बरोबर आहे.

दोन रंग ओले असतानाच एकमेकांत ओढून पिसासारखी नक्षी करायची असेल, तर आणखी एक अट पाळावी लागते. दोन्ही स्लिप सारख्या ओघाच्या हव्यात. तळची घट्ट आणि वरची सैल असली, तर वरची रेघ नुसती पृष्ठभागावर घसरते. उलट असलं, तर जड रेघ तळच्या स्लिपमध्ये बुडते आणि पिसाचं टोक ओढलंच जात नाही. इथे वजनापेक्षा पेल्यातून गळायला लागणारे सेकंद जुळवणं जास्त खात्रीचं.

भांडं किती ओलं आहे

योग्य स्लिपही चुकीच्या वेळी लावली तर बिघडते. ओली स्लिप भांड्यापेक्षा जास्त आक्रसते, कारण तिच्यात पाणी जास्त असतं. भांडं अर्धवट सुकलेलं असताना, म्हणजे हातात धरलं तर आकार सोडत नाही पण नखाचा वळ उठतो अशा वेळी, दोघं बरोबरीने आक्रसू शकतात. ही स्लिप लावण्याची उत्तम वेळ. स्टुडिओत या अवस्थेला लेदर-हार्ड म्हणतात.

पूर्ण सुकलेलं भांडं पाणी चटकन ओढतं. तेवढ्याच सेकंदात त्याच्यावर जाड थर बसतो. पण भांड्याचं आक्रसणं आधीच संपलेलं असतं, म्हणून थर एकटाच आक्रसतो आणि भेगाळतो. शिवाय कोरड्या भांड्याच्या अंगात पाणी घुसून काठ उसवू शकतो. एकदा भाजलेल्या भांड्यावर तर साधी मातीची स्लिप टिकतच नाही. तिथे निम्म्याहून जास्त माती आधी भाजून घेतलेल्या केओलिनच्या रूपात घालतात, म्हणजे आक्रसणं कमी होतं.

पातळ अंगाचं भांडं आतून-बाहेरून एकाच वेळी बुडवू नये. दोन्हींकडून पाणी मुरून ते मऊ पडतं, कान निखळतात, काठ बसतो. आधी आतून स्लिप ओतून निथळवा, भांडं पुन्हा कडक होऊ द्या, मग बाहेरून. पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात हे मधलं थांबणं एका दिवसाचंही असू शकतं. हवाच दमट असल्याने थर लवकर बसत नाही आणि ओघळतो. त्या दिवसांत त्याच कामाला पाच ग्रॅम जड स्लिप वापरलेली बरी.

थराची जाडी आणि रंगाची छटा

लाल मातीवर पांढरी स्लिप चढवणं ही दाटपणाची सगळ्यांत कडक परीक्षा आहे. थर विरळ असेल, तर खालच्या मातीचं लोह पांढऱ्यातून डोकावतं. वर ग्लेझ दिलं की थराचा काही भाग त्यात विरघळतो आणि कच्चं भाजल्यावर पांढरं दिसलेलं भांडं पक्क्या भाजणीनंतर गुलाबी-मळकट निघतं. म्हणून पांढरी स्लिप इतर रंगांपेक्षा जाड लागते. जाडी वाढवता येत नसेल, तर पाच-दहा टक्के झिर्कोनियम सिलिकेट घालून तिची झाकण्याची ताकद वाढवतात.

कोबाल्टचं याच्या उलट आहे. अर्धा ते एक टक्का कोबाल्ट ऑक्साइडही ठसठशीत निळा देतं आणि थर विरळ झाला तरी रंग लपत नाही. पण ते आधी खलबत्त्यात बारीक करून स्लिपबरोबर १०० मेशच्या चाळणीतून काढलं नाही, तर निळे ठिपके उठतात. तांब्याचा हिरवा, लोहाचा तपकिरी हे या दोघांच्या मधले. त्यांची छटा थराबरोबर हळूहळू गडद होत जाते.

बसण्याचाही प्रश्न आहे. मातीचे कण पाण्याच्या २.६ पट जड, तर लोह ऑक्साइड पाच पटींहून जड आणि कोबाल्टचं ऑक्साइड जवळपास सहा पट. पातळ, सैल स्लिपमध्ये रंग तळाला जातो. सकाळी बुडवलेली भांडी फिकट आणि बादलीच्या शेवटाला बुडवलेली गडद निघतात, आणि दोष मात्र भट्टीला दिला जातो. एक-दोन टक्के बेन्टोनाइट किंवा एप्सम सॉल्टचे काही थेंब हा प्रश्न मिटवतात. तरी दर तीन-चार भांड्यांमागे बादली तळापासून ढवळावीच.

नवी स्लिप केली की तिच्या कामाच्याच मातीची एक पट्टी घ्या. ती स्लिपमध्ये अशी बुडवा, की तिच्यावर एक, दोन आणि तीन थरांचे बोटभर रुंद पट्टे पडतील. सुकल्यावर सुईने एक बारीक चर पाडून प्रत्येक थराची जाडी पाहा, अर्ध्या भागावर ग्लेझ द्या आणि भाजा. त्या एका पट्टीवर सहा छटा मिळतात. हव्या त्या छटेच्या मागे वजन आणि बुडवण्याचे सेकंद लिहून ठेवले, की पुढच्या कामात अंदाज उरत नाही.

बिघडलेली स्लिप सुधारणं

वजन जास्त भरलं, तर वर दिलेल्या हिशेबाने पाणी घालावं. वजन कमी भरलं, तर स्लिप रात्रभर न हलवता ठेवावी. सकाळी वरचं निवळ पाणी नळीने काढून घ्यावं. पाणी निवळच झालं नसेल आणि गढूळ राहिलं असेल, तर समजावं की कण एकमेकांना ढकलत आहेत. तिथे एप्सम सॉल्टचे थेंब आधी, निवळणं नंतर. घाई असेल, तर त्याच कृतीची सुकी भुकटी पाण्यात भिजवून, गाळून घालावी. कोरडी भुकटी थेट टाकली की गुठळ्या होतात. वजन बरोबर पण ओघ चुकीचा असेल, तर पाण्याला हात लावू नये, सोडियम सिलिकेट किंवा एप्सम सॉल्ट थेंबाथेंबाने घालावं. वजन आणि ओघ दोन्ही बरोबर असून थर चुकत असेल, तर भांड्याचा ओलेपणा आणि बुडवण्याचे सेकंद तपासावेत.

सुकी माती आणि रंग हाताळताना मात्र एक नियम कधीही मोडू नये. सिलिकाची धूळ फुप्फुसांत साठते आणि तिथून निघत नाही. मँगनीज आणि कोबाल्टची धूळही शरीराला घातक आहे. भुकटी तोलताना चांगल्या प्रतीचा मास्क लावा, भुकटी पाण्यात घाला, टेबल झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आणि शेवटचं सांगणं. प्रत्येक बादलीवर चार गोष्टी लिहून चिकटवा: मातीची कृती, रंगाची टक्केवारी, १०० मिलिलिटरचं वजन आणि पेल्यातून गळायला लागणारे सेकंद. हात कितीही कसलेला असो, स्लिप रोज बदलते. पाणी उडतं, कण बसतात, ऋतू पालटतो. रोज काम सुरू करताना दोन मिनिटं देऊन वजन करा आणि मगच पाण्याचा तांब्या उचला. मन लावून घडवलेल्या भांड्यावरचा रंग भट्टीनंतर पदरात पडेल याची एवढी स्वस्त आणि एवढी खात्रीची हमी दुसरी नाही.